वसईहून वळणारी मालगाडी

कांदिवलीतल्या चारकोपच्या शासकीय औद्योगिक वसाहतीत सकाळी दहा-साडेदहाला गेलं, तर गाळ्यांची शटरं वर गेलेली असतात, यंत्रांचा आवाज सुरू झालेला असतो आणि अर्ध्याअधिक ठिकाणी मालाची वाट पाहणं चाललेलं असतं. प्लास्टिकचे दाणे, कागदाची रिळं, कापडाचे तागे, पत्रा, रसायनांची पिंपं हे सगळं बाहेरून येतं आणि तयार माल बाहेर जातो. गाडी कुठं अडकली असं विचारलं की बहुतेक वेळा एकच नाव ऐकू येतं, ते म्हणजे फाउंटन. घोडबंदर रस्ता जिथं अहमदाबाद महामार्गाला मिळतो, तो हॉटेलच्या नावानं ओळखला जाणारा चौक. चारकोपचं पोट ज्या मालावर चालतं, त्यातला फार मोठा हिस्सा या एका चौकाच्या दयेवर आहे.

न्हावा शेवा बंदरात उतरलेले प्लास्टिकचे दाणे चारकोपला कसे येतात ते पाहू. कंटेनरचा चाळीस फुटी डबा सहसा इथवर येतच नाही, कारण तो वळवायला वसाहतीत जागा नाही. डबा बंदराजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या आवारात, नाहीतर भिवंडीच्या गोदामात उघडतो, गोण्या आयशरमध्ये किंवा ४०७ मध्ये चढतात आणि गाडी निघते. कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा, तिथून घोडबंदर रस्त्यानं गायमुखचा घाट, फाउंटन, दहिसरचा टोलनाका, मग कांदिवली. बंदरापासून धरलं तर ऐंशी-नव्वद किलोमीटरचं अंतर. मोकळा रस्ता मिळाला तर अडीच-तीन तासांचं काम. पण गर्दीच्या वेळी मुंबईत जड वाहनांना बंदी, ठाण्याच्या हद्दीत वेगळ्या वेळांची बंदी, आणि दोन्ही बंदींच्या मधल्या वेळात सगळ्यांच्याच गाड्या एकदम सुटतात. मग या ऐंशी किलोमीटरला दिवस लागतो. चालक आणि क्लीनर घाटाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसतात. तिथं ना सावली, ना पाणी, ना संडास.

आता याच प्रदेशाचा रेल्वेचा नकाशा उघडू. दिल्लीजवळच्या दादरीहून न्हावा शेव्याच्या बंदरापर्यंत (जेएनपीटी) सुमारे १,५०० किलोमीटरची एक रेल्वे केवळ मालगाड्यांसाठी बांधण्यात आली. हा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग, रेल्वेतल्या लोकांच्या तोंडी नुसता ‘डीएफसी’. त्यासाठी २००६ मध्ये वेगळी कंपनी स्थापन झाली, जपानच्या जायका या सहकार्य संस्थेकडून कर्ज मिळालं. या मार्गावरच्या विजेच्या तारा इतक्या उंच आहेत की वाघिणीवर एकावर एक असे दोन डबे ठेवून गाडी धावू शकते. ७ जानेवारी २०२१ रोजी हरियाणा-राजस्थानच्या भागात अशी दीड किलोमीटर लांबीची दोन मजली गाडी पहिल्यांदा सोडण्यात आली. साध्या कंटेनर गाडीला ४५ वाघिणी असतात आणि तिच्यावर वीस फुटी ९० डबे बसतात. दोन मजली केली की १८०, आणि दोन गाड्या एकापुढे एक जोडल्या की ३६०. ते सगळे डबे रस्त्यावर असते तर ट्रेलरांची रांग काही किलोमीटर लांब गेली असती.

हा मार्ग गुजरातेतून पालघर जिल्ह्यात उतरतो, वैतरणेजवळून खाली येतो, आणि वसईच्या आसपास पोचल्यावर दक्षिणेला मुंबईकडे न येता पूर्वेला वळतो. वसई–दिवा मार्गाच्या जोडीनं खारबाव, भिवंडीच्या बाजूनं जाऊन डोंबिवली, तळोज्यामार्गे तो बंदर गाठतो. वैतरणा ते जेएनपीटी हा शंभराहून थोडा अधिक किलोमीटरचा टप्पा या सबंध मार्गात सगळ्यात मागे राहिला. भूसंपादन, डोंगर, खाड्या, वर चालू रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडायचे, हे सगळं याच टप्प्यात एकवटलं होतं. पण टप्पा पुरा झाला म्हणून चारकोपचा प्रश्न सुटत नाही. उत्तरेकडून येणारा माल चारकोपपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरून रुळांवरून पुढे जातो, भिवंडी नाहीतर कळंबोली नाहीतर उरणच्या बाजूला उतरतो, आणि मग डिझेल जाळत घोडबंदर रस्त्यानं उलटा येतो. मला या लेखात जे सांगायचं आहे ते या वळणाबद्दल आहे. हजार किलोमीटरच्या शर्यतीत रेल्वे ट्रकपुढे हरत नाही. ती हरते शेवटच्या तीस किलोमीटरांत, कारण ट्रक आणि गाडी जिथं एकमेकांना भेटायची ती जागाच या शहरानं आपल्या पोटातून काढून टाकली आहे.

मालगाडी सरळ बोरिवलीपर्यंत का आणत नाहीत, असं सामान्य माणसाला वाटणं साहजिक आहे. रूळ तर आहेतच. पण पश्चिम रेल्वेवर रोज चौदाशेच्या आसपास लोकल फेऱ्या होतात, त्यात लांब पल्ल्याच्या गाड्या. चर्चगेट ते विरार या पट्ट्यात दिवसा मालगाडीला रस्ता देणं म्हणजे मागच्या लोकल थांबवणं, आणि एक मालगाडी जाग्यावरून हलून वेग घेईपर्यंत किती लोकल खोळंबतात हे कोणत्याही नियंत्रकाला ठाऊक असतं. मग रात्री आणा, असं म्हणावं तर शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांच्यामध्ये जेमतेम तीन तास उरतात, आणि तेच तीन तास रूळ, तारा, सिग्नल दुरुस्त करणाऱ्या माणसांचे असतात. रात्रीचा रिकामा दिसणारा रूळ रिकामा नसतो, त्यावर गँगमन काम करत असतात. सहावी मार्गिका खार ते गोरेगाव नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि पुढे कांदिवलीपर्यंत ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. ती लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलपासून वेगळ्या काढण्यासाठी आहे, आणि तेही निकडीचं होतंच. मध्य रेल्वेवरही ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये मिळाली, ती वर्षानुवर्षं वाट पाहून. प्रवाशांनाच जिथं श्वास घ्यायला जागा नाही, तिथं मालाला कोण विचारणार?

त्यात रेल्वेनं स्वतःचाही एक दरवाजा बंद करून घेतला. एकेकाळी चार पोती, एक पेटी, अर्धी वाघीण असा सुटा माल कोणत्याही स्टेशनात नोंदवता येई. वेगवेगळ्या गावांच्या वाघिणी यार्डात वेगळ्या करून, जोडून पुढे पाठवत. वांद्र्याला असं मोठं यार्ड होतं, आज त्या जागी वांद्रे टर्मिनसवरून प्रवासी गाड्या सुटतात. यार्डात वाघिणी दिवसेंदिवस पडून राहत, हरवत, माल फुटे, चोरीला जाई. म्हणून रेल्वेनं १९८० नंतर सुटा माल जवळजवळ सोडून दिला आणि एका ठिकाणाहून भरलेला पूर्ण रेक, म्हणजे अख्खी गाडी, दुसऱ्या ठिकाणी रिकामा करायचा, अशी पद्धत धरली. कोळसा, लोखंड, सिमेंट, धान्य, खत यांना ती मानवली. चारकोपच्या गाळेवाल्याला ती कशी मानवणार? त्याचा माल अर्ध्या आयशरचा. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात देशातला ८५ टक्क्यांहून अधिक माल रेल्वेनं जात होता, आता तो पावाच्या आसपास आला आहे. या उतरंडीची कारणं सांगताना सगळे चांगल्या रस्त्यांकडे बोट दाखवतात. बंद झालेल्या मालधक्क्यांची यादी कुणी काढत नाही.

मालधक्का म्हणजे काय हे नव्या पिढीतल्या पुष्कळांनी पाहिलेलं नाही, म्हणून थोडं जवळून सांगतो. तुर्भे, कळंबोलीसारख्या ठिकाणी रेक लागतो तेव्हा आधी फक्त गडबड ऐकू येते. ४२ बंद वाघिणींच्या रेकमध्ये सिमेंट असेल तर साधारण २,६०० टन, म्हणजे पन्नास किलोच्या बावन्न हजार गोण्या. वाघिणीचं जड दार दोघं-तिघं मिळून सरकवतात, आतून उष्ण धुळीचा लोट बाहेर येतो. फळ्या टाकल्या जातात, डोक्याला कापड बांधलेले माथाडी आत शिरतात आणि गोणी पाठीवर घेऊन बाहेर पडतात. थराथरानं वाघीण खाली होते. गोण्या एकतर सरळ मागे लावलेल्या ट्रकमध्ये जातात, नाहीतर फलाटावर थप्पी लागते. तिथं घड्याळ चालू झालेलं असतं. रेक रिकामा करायला ठरावीक तास मोफत, त्यानंतर वाघीण अडकवल्याबद्दल डेमरेज. फलाटावर माल पडून राहिला तर त्याचं व्हार्फेज वेगळं. सोळा टनी ट्रकच्या हिशेबानं या एका रेकला एकशे साठहून अधिक खेपा लागतात.

आता अडचण अशी की रेक कधी लागेल हे आधी नक्की कळत नाही. मालगाडीला वेळापत्रक नसतं, प्रवासी गाड्यांच्या फटीतून ती सरकत येते. नाशिक-नागपूरकडून येणारा माल कसारा घाट उतरून येतो. त्या घाटात चढ-उतार सदतीसात एक इतका उभा, वर जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात, आणि त्यांचीही वाट पाहावी लागते. समजा रेक रात्री अकराला लागला. रेल्वेचा मालधक्का चोवीस तास उघडा. पण माल घेणाऱ्याचं गोदाम बंद, माथाडी टोळीची पाळी संपलेली, रात्रपाळीची मजुरी वेगळी. समजा तो सकाळी सातला लागला. माणसं हजर, गाड्या हजर. पण तासाभरात रस्त्यावर बंदी सुरू होते आणि भरलेले ट्रक मालधक्क्याच्या फाटकातच उभे राहतात. रेल्वेचं घड्याळ वेगळं, वाहतूक पोलिसांचं वेगळं, गोदामाचं वेगळं, आणि जिथं माल उतरायचा त्या सोसायटीचं वेगळं. रात्री बारानंतर इमारतीच्या दारात टेम्पोचा आवाज झाला तर रहिवासी तक्रार करतात, आणि दिवसा तोच टेम्पो उभा राहिला तर रस्ता अडला म्हणून तक्रार करतात. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात.

खर्चाचंही तसंच. सरळ ट्रकनं माल पाठवला तर एकदा भरायचा, एकदा उतरवायचा. रेल्वेनं पाठवला तर कारखान्यात भरा, धक्क्यावर उतरवा, वाघिणीत भरा, वाघिणीतून उतरवा, पुन्हा ट्रकमध्ये भरा, पुन्हा उतरवा. दोनाचे सहा होतात, आणि प्रत्येक वेळी हमाली, वाराई, फुटतूट. रेल्वेचं भाडं टनामागे कितीही कमी असलं तरी सहा वेळच्या हाताळणीत ती बचत विरघळून जाते. कंटेनरमुळे हे दुखणं पुष्कळ कमी झालं, कारण डबा न उघडता क्रेननं उचलता येतो. पण डबा उतरवायलाही क्रेन लागते, सिमेंटचं पक्कं आवार लागतं, ट्रेलर फिरायला जागा लागते.

इथं माथाड्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वाहतुकीच्या चर्चेत त्यांचा उल्लेख अनेकदा ‘वाढीव खर्च’ असा होतो. १९६९ चा माथाडी कायदा हा मुंबईच्या गोद्यांत, बाजारांत, मालधक्क्यांवर पाठ मोडेपर्यंत राबणाऱ्या माणसाला हजेरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना मिळवून देणारा कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी सातारा-सांगलीकडून आलेल्या हजारो माणसांना एकत्र केलं. क्रेन आणि फोर्कलिफ्ट याव्यातच, पन्नास किलोची गोणी माणसाच्या मणक्यावरून जाऊ नये. पण नवं टर्मिनल बांधताना त्या टोळ्यांना यंत्रं शिकवून सामावून घेण्याची तजवीज आराखड्यातच हवी. ती नसली की काम सुरू होण्याआधी संघर्ष सुरू होतो आणि टर्मिनल ओस पडतं.

मुंबई एकेकाळी हे सगळं जाणत होती. बंदराची स्वतःची रेल्वे १ जानेवारी १९१५ ला सुरू झाली. त्याआधी कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती मालधक्क्यांवरून गोद्यांपर्यंत बैलगाड्यांनी जात, आणि त्या गाड्यांनी शहराचे रस्ते कोंडून टाकले होते. म्हणजे आजचंच दुखणं, फक्त बैलांचं. बंदराच्या रेल्वेनं वडाळ्याला मोठं यार्ड केलं, शिवडीला कापसाचं कोठार उभं राहिलं, धान्याचं आगार झालं, आणि देशाच्या आतल्या भागातून आलेली वाघीण सरळ जहाजाच्या कुशीला जाऊन लागू लागली. शहराच्या कारभाऱ्यांनी तेव्हा मालाला जागा दिली होती, आणि तीही समुद्रात भराव घालून.

नंतर उलटं चक्र फिरलं. लोखंडाचा बाजार कर्नाक बंदरावरून कळंबोलीला गेला, कांदा-बटाट्याचा आणि मग फळभाज्यांचा घाऊक बाजार वाशीला गेला. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं आणि डब्यांचा ओघ खाडीपलीकडे वळला. हे स्थलांतर योग्यच होतं, दक्षिण मुंबई त्यानं मोकळी झाली. पण बाजार बाहेर गेले तरी खाणारी, घालणारी, घरं बांधणारी माणसं आतच राहिली, उलट उत्तरेकडे वाढत गेली. त्यात मुंबईची जकात. १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत शहराच्या हद्दीत माल आणायचा तर नाक्यावर पैसे मोजावे लागत, म्हणून कंपन्यांनी गोदामं हद्दीबाहेर भिवंडीत बांधली. माणकोली, पूर्णा, अंजूरफाट्याला भातशेतीच्या जागी गोदामांची नगरं उभी राहिली. जकात गेली, गोदामं राहिली, आणि तिथून रोज शहरात शिरणाऱ्या टेम्पोंची रांगही राहिली. आणखी एक उदाहरण वडाळ्याचं. तिथं ट्रक टर्मिनलसाठी मोठा प्रदेश अधिसूचित होता. त्यातला एक भूखंड २०१० मध्ये एमएमआरडीएनं ४,०५३ कोटी रुपयांना घरबांधणीसाठी दिला. जिथं ट्रक थांबायचे तिथं मनोरे आले, आणि त्या मनोऱ्यांच्या सिमेंट-सळईपासून घराघरांतल्या फ्रिज-सोफ्यांपर्यंत सगळं ट्रकनंच आलं.

चारकोपचीही गोष्ट फार वेगळी नाही. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीनं म्हाडानं इथं छोटे भूखंड आखून दिले, लहान चौकांभोवती बैठी घरं उभी राहिली. कमी उत्पन्नाच्या माणसाला स्वतःच्या नावावर जमीन मिळाली, ही मुंबईच्या इतिहासातली दुर्मीळ चांगली घटना आहे. पण त्या गल्ल्यांच्या रुंदीत घरपोच सामानाच्या गाड्या बसत नाहीत. आता पुनर्विकासाचं वारं आहे, म्हणजे डंपर, काँक्रीटचे मिक्सर, सळईचे ट्रक. मेट्रोचा कारशेड चारकोपला आला, दहिसर–अंधेरी मार्गाचे डबे रात्री इथं विसावतात. माणसं वाहणाऱ्या गाड्यांना राहायला जागा सापडली. माल वाहणाऱ्या गाड्यांसाठी उत्तर उपनगरात तेवढी जागा कुणी शोधलेली नाही.

रेल्वे आणि ट्रक एकत्र चालूच शकत नाहीत असं मात्र नाही. दोन उदाहरणं आपल्याच अंगणातली आहेत.

पहिलं भिवंडी रोड स्टेशनाचं. वसई–दिवा मार्गावरचं हे स्टेशन, प्रवासी मोजकेच. आजूबाजूला मात्र देशातल्या सगळ्यात मोठ्या गोदाम-वसाहतींपैकी एक. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर मध्य रेल्वेनं तिथून पार्सल गाड्या सुरू केल्या, आणि ऑनलाइन खरेदीचा माल, कपडे, औषधं घेऊन त्या थेट गुवाहाटीजवळच्या आझऱ्यापर्यंत जाऊ लागल्या. गोदामं आधीपासून होती, रूळही आधीपासून होते. नव्यानं लागलं ते फलाट, रस्ता आणि नक्की सुटणारी गाडी. एवढ्यावर व्यापारी आले. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण त्यात हजारो कोटींचा बोगदा नाही. गाडी ठरल्या दिवशी सुटते एवढा भरवसा दिला की माणूस रेल्वेकडे वळतो.

दुसरं कोकण रेल्वेचं. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी रो-रो सेवा चालू आहे. पुढे ती कर्नाटकात सुरतकलपर्यंत गेली. कोलाडला एक उतार बांधलेला आहे. भरलेला ट्रक त्यावरून सपाट वाघिणींवर चढतो आणि एका वाघिणीवरून दुसरीवर करत पुढे सरकत जातो. चाकांना अडणी लागतात, साखळ्या आवळल्या जातात. चालक आणि क्लीनर ट्रकमध्येच. चूल पेटवता येत नाही, म्हणून डबे बांधून घेतलेले असतात. गाडी सुटली की कशेडी नाही, परशुराम घाट नाही, महामार्गाचे खड्डे नाहीत. चालकाला झोप मिळते, टायर वाचतात, डिझेल वाचतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माल एकदाही हाताळावा लागत नाही. वर सांगितलेल्या सहाचे पुन्हा दोन होतात. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ही सेवा टिकली ती याच कारणानं.

त्याच सेवेची दुसरी बाजूही शिकवणारी आहे. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेनं खासगी मोटारींसाठी रो-रो सुरू केली, कोलाड ते वेर्णा, मोटारीला ७,८७५ रुपये. कल्पना गोड, प्रतिसाद फारच थोडा. चाकरमान्याला गोव्याला कुठं जायचं होतं? त्याला चिपळूण, राजापूर, कणकवलीला उतरायचं होतं, आणि मुंबई ते कोलाड हा कोंडीचा रस्ता तर स्वतःच चालवायचा होता. नंतर नांदगावचा थांबा दिला गेला. गाडी तीच, रूळ तेच. गाडीवर चढण्याची आणि उतरण्याची जागा चुकली की सगळं फसतं.

डीएफसीवरही ट्रक वाघिणीवर चढवून नेण्याचा प्रयोग गुजरातेतल्या पालनपूरपासून हरियाणातल्या रेवाडीपर्यंत झाला. बनास डेअरीचे दुधाचे टँकर त्यातून दिल्लीच्या बाजूला जातात. नाशवंत माल, रोजचा ठरलेला माल, दोन टोकांना दोन नक्की जागा. अहमदाबाद महामार्ग डीएफसीच्या जोडीनंच मुंबईकडे येतो. वापी-वलसाडकडून येणारे ट्रक तिथंच वाघिणीवर चढले आणि वसईच्या आसपास उतरले, तरी महामार्गाचा तो भाग हलका होईल. पण उतरल्यावर ते पुन्हा फाउंटनलाच येणार. म्हणून ट्रक जसाच्या तसा शहराच्या दारात आणून सोडणं पुरेसं नाही. दारात मोठ्या गाडीतला माल लहान, विजेवरच्या गाड्यांत वाटून आत गेला पाहिजे, आणि तो सोसायटीनुसार, पेठेनुसार एकत्र केलेला असला पाहिजे. आज चारकोप नाक्यावर एकाच गल्लीत पाच कंपन्यांचे पाच अर्धे रिकामे टेम्पो येतात.

बाहेरच्या जगानं यातलं काय केलं? लॉस एंजेलिसनं २००२ मध्ये अलामेडा कॉरिडॉर सुरू केला. बंदरापासून शहराच्या मध्यभागाजवळच्या मोठ्या यार्डांपर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा मालमार्ग, त्यातला निम्मा जमिनीखालच्या खंदकातून. दोनशेच्या आसपास रेल्वे फाटकं त्यानं संपवली, आणि खर्चाची वसुली डब्यामागे शुल्क लावून झाली. पण शहराच्या आसपासच्या गोदामांत जाणारे डबे ट्रकनंच जात राहिले, कारण थोड्या अंतरासाठी रेल्वे कुठंच परवडत नाही. पॅरिसमध्ये मोनोप्री या दुकानमालिकेनं २००७ मध्ये वेगळी वाट धरली. माल रेल्वेनं रात्री शहराच्या आत बेर्सीच्या धक्क्यापर्यंत, आणि तिथून गॅसवर चालणाऱ्या ट्रकांनी दुकानांपर्यंत. ते ट्रकपेक्षा महाग पडत होतं. तरी ते शक्य झालं, कारण शहराच्या आत धक्का शिल्लक होता.

आपल्याकडे शहराच्या आत रेल्वेनं येणारा माल अजून एका ठिकाणी रोज दिसतो, आणि तो कुठल्याही सरकारी अहवालात ‘मालवाहतूक’ म्हणून मोजला जात नाही. लोकलचा मालडबा. पहाटेच्या गाडीनं पालघर-विरारकडून भाजीच्या पाट्या, फुलांचे हारे, मासळीच्या टोपल्या येतात. दोन माणसं दारात उभी राहतात, गाडी थांबायच्या आत हाक जाते, आणि अर्ध्या मिनिटात पाटी फलाटावर. तिथून डोक्यावर, हातगाडीवर, रिक्षात. डबेवाल्यांनी तर १८९० पासून यावरच आपला सगळा व्यवहार उभा केला. सायकल, लोकल, सायकल. रेल्वे आणि रस्ता एकत्र बांधण्याचं यापेक्षा स्वस्त आणि नेमकं उदाहरण मला माहीत नाही. २०२५ मध्ये मध्य रेल्वेनं लोकलमधला मधला मालडबा ज्येष्ठ नागरिकांसाठी करायला घेतला. म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा मिळालीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण पाटीवाल्या बाईचं काय, हे कुणी विचारल्याचं ऐकलं नाही. तिनं टेम्पो केला तर तो दहिसर नाक्यावरच्या रांगेत आणखी एक टेम्पो. दिल्ली मेट्रोनं त्याच वर्षी ब्लू डार्टशी करार करून गर्दी नसलेल्या वेळी मेट्रोतून पार्सलं नेण्याची तयारी सुरू केली. कारशेड चारकोपला असताना हा विचार इथंही व्हायला हरकत नाही.

पुढच्या काही वर्षांत ताण कमी होणार नाही, वाढणार आहे. न्हावा शेव्याच्या बंदरानं २०२४–२५ मध्ये वीस फुटी मापानं सुमारे ७३ लाख डबे हाताळले, म्हणजे दिवसाला वीस हजार. त्यातला पाचवा हिस्साही रेल्वेनं जात नाही. डहाणूजवळ वाढवणचं बंदर येत आहे. जून २०२४ मध्ये केंद्रानं ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, आणि त्यांच्या समुद्राचा प्रश्न वाहतुकीच्या सोयीपुढे लहान ठरत नाही. बंदर झालं तर ते डीएफसीला सुमारे बारा किलोमीटरच्या रेल्वेनं आणि अहमदाबाद महामार्गाला सुमारे बत्तीस किलोमीटरच्या रस्त्यानं जोडलं जाणार आहे. त्यातला मुंबईसाठीचा माल कुठल्या जोडावरून येईल हे आताच ठरतं आहे, कारण उतरायला जागा नसली तर तो महामार्गानंच येईल. इकडे वर्सोवा ते दहिसर सागरी किनारा मार्गाचं काम आहे, त्याचा एक टप्पा चारकोप ते गोराई. दक्षिणेतल्या किनारी रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी आहे. उत्तरेतही तसंच झालं तर तिवरं देऊन झालेल्या रस्त्यावरून मोटारी जातील आणि ट्रक लिंक रोडवरच राहतील.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. वसई आणि भिवंडीच्या मध्ये, डीएफसी आणि वसई–दिवा मार्ग जिथं जवळ येतात त्या पट्ट्यात, सर्वांना खुलं असं एक टर्मिनल पाहिजे. एका कंपनीचं नाही, अर्ध्या आयशरच्या गाळेवाल्यालाही तिथं डब्यात जागा विकत घेता आली पाहिजे. डिसेंबर २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणानं रेल्वेच्या जागेवर आणि खासगी जागेवरही असं टर्मिनल उभारणं सोपं केलं आहे. तिथं चालकांना झोपायला, आंघोळीला, जेवायला जागा हवी. तिथून दहिसरपर्यंत रात्रीच्या ठरलेल्या फेऱ्या, आणि ठाणे, मिरा-भाईंदर, मुंबई या तिन्ही हद्दींत बंदीच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या. तीन पोलीस आयुक्तालयांनी एका टेबलाशी बसून हे करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

आणि दहिसरचा जुना जकात नाका. ट्रक उभे राहण्यासाठी, तपासण्यासाठीच ती जागा होती, रस्ते तिच्याकडे वळलेले आहेत, महामार्ग दारात आहे. जकात गेल्यानंतर महापालिकेनं तिथं बससाठी तळ, वाहनतळ, हॉटेल, दुकानं असं संकुल आखलं आहे. बाहेरगावच्या बसना शहराच्या वेशीवर थांबवणं चांगलंच आहे. पण त्या संकुलाच्या खालच्या मजल्यावर, मोठ्या ट्रकमधून उतरलेला माल वाटून चारकोप, गोराई, मालवणी, दहिसरसाठी छोट्या विजेच्या गाड्यांत भरायची सोय अजूनही काढता येईल. आराखड्यात फेरफार एकदा काम वर आलं की होत नाहीत. महापालिकेच्या आर मध्य, आर उत्तर आणि आर दक्षिण विभागांतल्या लोकप्रतिनिधींनी, औद्योगिक वसाहतीच्या गाळेधारकांनी आणि चारकोपच्या सोसायट्यांच्या महासंघांनी तो आराखडा मागवून, मालाच्या गाड्यांसाठी त्यात किती चौरस मीटर ठेवले आहेत हे आधी तपासावं.